तुम्ही विचारा: नटसम्राट, लागूंचा आवाज आणि बसलेला घसा

प्रश्न: नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे, एकपात्री स्पर्धेसाठी त्याने नटसम्राटमधलं ते घर मागणारं स्वगत घेतलंय. मोबाईलवर डॉ. श्रीराम लागूंचे व्हिडिओ बघून तस्साच आवाज काढायला जातो आणि आठ दिवसांत घसा पार बसला. माझे सासरे जत्रेच्या नाटकांत कामं करायचे, गेल्या वर्षी गेले. ते नेहमी म्हणायचे, नटसम्राट म्हणजे आपलं गोव्याचं नाटक. हे खरं का? आणि मुलाने नक्कल करावी का? सासऱ्यांनी टेप करून ठेवलेली या नाटकाची एक कॅसेटही घरात आहे.
एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर: ताई, आधी सासऱ्यांचं सांगतो, कारण ते बरोबर बोलत होते. नाटक लिहिलं नाशिकच्या शिरवाडकरांनी, बसवलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, लागू जन्माने साताऱ्याचे आणि वाढले पुण्यात, पण १९७० साली ते रंगभूमीवर आणलं धी गोवा हिंदू असोसिएशनने. मुंबईत पोटापाण्यासाठी गेलेल्या गोवेकरांनी १९१९ मध्ये काढलेली ही संस्था, रायगडाला जेव्हा जाग येते आणि मत्स्यगंधा ही नाटकंही तिचीच. तेव्हा 'आपलं नाटक' म्हणायचा हक्क त्यांना होताच, आणि ते मुलाला जरूर सांगा, त्याला आजोबांची वेगळी ओळख होईल.

आता आवाजाचं. लागू मुळात कान-नाक-घशाचे सर्जन, आफ्रिकेत टांझानियात प्रॅक्टिस करून आले आणि १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले. इतरांचे घसे तपासलेला माणूस, स्वतःचा घसा कसा वापरायचा ते त्यांना पक्कं ठाऊक असणार असं मला कायम वाटतं. आवाज खर्जातला, जरा कोरडा, किंचित खरखरीत, गोड म्हणावा असा नव्हेच. पण वाक्याचा शेवटचा शब्द ऐका, तो कधी गिळला जात नाही, आपल्यापैकी बहुतेकांचा तिथेच श्वास संपतो आणि शब्द पडतो. लोकांना त्या स्वगतातलं ओरडणं लक्षात राहतं, मला मात्र ओरडायच्या आधीची ती थांबण्याची जागा आठवते, अजून अंगावर काटा येतो.

मुलाला एकच विचारा, अप्पासाहेब बेलवलकर, म्हणजे लागूंनी रंगवलेला नाटकातला तो म्हातारा नट, त्या वेळी कसे असतील? म्हातारा, घरातून बाहेर पडलेला, चालून चालून दमलेला, पोटात काही नाही. अशा माणसाच्या छातीत पहिल्याच वाक्याला किंचाळण्याएवढा दम असेल का? त्याला स्वगत पेन्सिल घेऊन वाचू दे, जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे रेघ मारू दे, मग दोन दिवस नुसतं हळू आवाजात, समोर बसलेल्या तुम्हाला सांगतोय असं म्हणू दे. आवाज चढवायची जागा एकच ठेवायची आणि ती शेवटाकडे. लागूंचा आवाज साठेक वर्षांच्या म्हाताऱ्यासाठी लावलेला होता हो, चौदा वर्षांच्या पोराने तो ओढून ताणून काढला की घसा बसणारच. त्याचा स्वतःचा आवाज सध्या फुटत असेल तर तोच असू दे, थोडा चिरकला तरी चालेल, त्या प्रसंगात तो खोटा वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, ओरडायची ही सवय आपल्याकडे कुठून आली. देवळाच्या मंडपात माइक नसायचा, पाठीमागे फेरीत, म्हणजे जत्रेच्या बाजारात, खाज्याची दुकानं, पोरं रडतायत, गॅसबत्ती सुसू करतेय, अशात शेवटच्या रांगेतल्या आजीला ऐकू जायला नट मोठ्याने बोलायचे, त्यांचा नाइलाज होता आणि त्या लोकांनी रात्र रात्र नाटकं ओढली, मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. तुमच्या मुलापुढे माइक असणार. आजोबांनी जे जोरात सांगितलं ते त्याला हळू सांगता येईल.

नक्कल अगदीच करू नये असं नाही, कानावर पडायलाच हवं. लागूंचा पिंजरा सिनेमा दाखवा, त्यातला मास्तर, मग सामना हा सिनेमा दाखवा, तिथेही मास्तरच पण दारूत बुडालेला, माणूस तोच आणि बोलणं किती वेगळं! लागू १७ डिसेंबर २०१९ ला पुण्यात गेले, ९२ वर्षांचे होते, मी त्या रात्री सामनाच लावून बसलो होतो.

घसा बसलाय तोवर तालीम बंद, कुजबुजायचंही नाही, त्यानेही ताण येतो. दोन-तीन आठवड्यांत आवाज आला नाही तर डॉक्टरकडे न्या. आणि ती कॅसेट घाईने लावू नका, आपल्या दमट हवेत टेपला बुरशी धरते आणि प्लेअरमध्ये अडकून तुटते. आधी जाणकाराकडून साफ करून मोबाईलवर उतरवून घ्या. सासऱ्यांनी तिच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख-बिरीख काही बोलून ठेवलंय का तेही नीट ऐका, माझ्या वडिलांच्या कॅसेटवर होतं.