निवडून पाहू नकोस

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं. कुंभारीण माशीचं मातीचं घरटं फोडलंस, आत अळ्या निघाल्या. मेलेल्या नव्हेत, डंख मारून लुळ्या केलेल्या. माशीच्या पिल्लाला ताजं अन्न मिळावं म्हणून. आणि त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेत देवाला उत्पन्नकर्ता म्हणताना तुझी जीभ अडखळली. ‘वाडीतल्या सोनचाफ्यात दिसणारा देव गेला कुठे, काका?’ असं विचारतेस.

कुठेही गेला नाही. तू फक्त सोनचाफा निवडला होतास. निवडून पाहू नकोस.

आपल्याकडे याच माशीवरून भृंगकीटकन्याय सांगतात: कोंडलेली अळी माशीचा ध्यास घेता घेता माशीच होते. कल्पना सुंदर आहे, पण ती घरटं न फोडता सुचलेली. तू फोडलंस, आता मागे फिरू नकोस.

तुझा प्रश्न जुना आहे. २२ मे १८६० रोजी डार्विनने एसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलं की, जिवंत सुरवंटाला आतून खाणारे कीटक दयाळू देवाने मुद्दाम घडवले असतील, हे आपल्याला पटत नाही. हे पत्र सगळे सांगतात. ते ज्याला लिहिलं तो ग्रे श्रद्धावान ख्रिस्ती होता आणि डार्विनचा सिद्धान्त अमेरिकेत हिरिरीने मांडणाराही तोच होता, हे मात्र कोणी सांगत नाही. त्याने दोन्हींपैकी काहीच सोडलं नाही. तुला एवढी घाई कसली?

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचे ३८ ते ४१ अध्याय वाच. ‘वाचलेत’ म्हणू नकोस, पुन्हा वाच. पोरंबाळं गेलेला, अंगभर फोड आलेला माणूस देवाला जाब विचारतो, तेव्हा देव त्याला काय दाखवतो? दबा धरून बसलेले सिंह. अंडी मातीत टाकून विसरणारं शहामृग. कड्यावरचा गरुड, ज्याची पिलं रक्त पितात. ‘बघ किती गोड’ असं एकदाही नाही. सिंहाने खाल्लेल्या हरणाचं काय, असं तू विचारशील. जरूर विचार. ईयोबाला त्याचं उत्तर मिळालं नाही. पण पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्याच्या मित्रांवर. ज्यांच्याकडे सगळ्याची उत्तरं तयार होती, त्यांच्यावर.

म्हणूनच तरुणांच्या शिबिरात बोलायला गेलो की मी इंद्रधनुष्याची चित्रं बाजूला सारायचो आणि गोचीड, जळू, हीच कुंभारीण काढायचो. पालकांनी तक्रारी केल्या, बोलावणं बंद झालं. हट्टी म्हातारा म्हणतात. म्हणू देत. ज्यांना नुसतं इंद्रधनुष्य दाखवलं, ती पोरं २०१८च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली तेव्हा देवावर रुसली. खाजणात भराव कोणी टाकले, हे विचारायचं राहूनच गेलं. निवडून पाहायची सवय लागली की माणसाचं पापही दिसत नाही, हे मी शिबिरात ओरडून सांगत होतो. आजही सांगेन.

असिसीच्या संत फ्रान्सिसला तरी सोडा रे! त्याच्या खांद्यावर पक्षी बसवून कॅलेंडरं छापता. त्याने सूर्याचं स्तोत्र रचलं ते १२२५ साली. तेव्हा त्याचे डोळे जवळजवळ गेले होते, उजेड सहन होत नव्हता. मरणाच्या तोंडाशी त्यात त्याने ‘बहीण मृत्यू’ची भर घातली. ते कडवं कॅलेंडरवर कधी पाहिलंस?

तू रडलीस असं लिहिलंयस. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याला अळीसाठी रडू येतं, त्याचा विश्वास मेला असं मी तरी मानणार नाही. पण विषय बदलून वाणिज्य घेण्याचा विचार डोक्यातून काढून टाक.

जर्नलमध्ये त्या अळीची आकृती काढलीस का? नसेल तर आधी ती पूर्ण कर, नावं नीट लिही. मग रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांना हाच प्रश्न विचार, आवाज खाली न आणता. त्यांनी सोनचाफ्याचं उदाहरण दिलं, तर मला कळव.

तुझा,
काका