घरबसल्या नाटक: आधी कान, मग डोळे
पहिल्याच दिवशी तीन तासांचं नाटक लावू नका. अर्ध्या तासाच्या श्रुतिकेनं, म्हणजे फक्त ऐकायच्या नाटकानं, सुरुवात करा, हेडफोन लावून, दिवा मालवून. १९२४ साली बीबीसीनं खास रेडिओसाठी लिहिलेली एक नाटिका सादर केली, ती घडते कोळशाच्या खाणीतल्या अंधारात. पात्रं आणि श्रोता एकाच काळोखात! भांडी घासता घासता ऐकलंत तर कोण बोलतंय हेच निसटतं.

मग रंगमंचावरचं नाटक स्ट्रीमिंगवर, म्हणजे इंटरनेटवरून, बघताना दोनच गोष्टी:
- फोन दुसऱ्या खोलीत. थांबायचंच तर मध्यंतराला.
- संवाद पुटपुटल्यासारखे वाटले तर सबटायटल्स लावा, त्यात कमीपणा नाही.

अभिनय जरा भडक वाटेल. तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा असतो ना! दहा मिनिटांत डोळा सरावतो. नाहीच रमलात तर खुशाल बंद करा. मीही कित्येक अर्धवट सोडलीत.