डबल स्टँडची सायकल आणि पुण्याचा क्लास

प्रश्न : हे कोरोना पॉझिटिव्ह निघाले म्हणून मी 14 दिवस माडीवर एकटी. मला त्रास काहीच नाही. ताट जाऊबाई जिन्यात ठेवते. भाचीनं पुण्याच्या ऑनलाइन सायकलिंग क्लासची लिंक धाडली. मशीन कुठलं, मामंजींची जुनी सायकल दिरानं वर चढवून दिली, ती डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी ठेवून चालवते. क्लासच्या बाई म्हणतात, रेझिस्टन्स (चाकाचा अडथळा) वाढवा, 90 आरपीएम (मिनिटाला पायडलचे 90 फेरे) ठेवा, उभ्या राहा. माझं चाक नुसतं भणभण फिरतं. नेट फक्त गच्चीवर. काय करू?
– एक वाचक, मोर्शी तालुका

उत्तर : ताई, उभं राहायचं आधी विसरा. मागच्या लॉकडाऊनात मीही हाच उद्योग केला. क्लासमधला पोरगा ‘अप, अप’ ओरडला, मी पायडलवर उभा झालो, भार पुढं गेला, सायकल स्टँडवरून उतरली आणि मी तुरीच्या पोत्यांवर. जन्मभर शाळेत पीटी घेतलेला माणूस! पुढच्या चाकाला दोन्हीकडून विटा लावा, स्टँडखाली पोतं घाला.

क्लासच्या मशीनचं चाक जड असतं, त्याला लोहचुंबकानं नाहीतर घासणाऱ्या पट्टीनं अडवतात. तुमच्या चाकाला अडवणारं काहीच नाही, म्हणून भणभण. डायनॅमो असेल तर टायरला टेकवा. फरक थोडाच पडतो, पण दिवा पेटतो तेवढीच गंमत. ब्रेक बांधून ठेवायचा जुगाड मात्र नको, रबरं झिजतात, रिम तापते. रेझिस्टन्सचं राहू द्या, दमावर मोजा. बोलता यावं, गाता येऊ नये, एवढा दम पुरे.

आरपीएमसाठी उजवा गुडघा 15 सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा आणि चौपट करा. 20 आले की 80. हलक्या चाकावर 90 चा हट्ट धरला की बूड सीटवर उडायला लागतं. सीट मामंजींच्या उंचीची असेल, ती खाली घ्या. टाच खालच्या पायडलवर टेकली की पाय सरळ व्हावा.

क्लास बघायची गरज नाही, ऐकला तरी भागतं. रात्री गच्चीवर रेकॉर्डिंग उतरवून घ्या आणि सकाळी 6 ला चालवा. आपल्याकडच्या मे महिन्यात माडी दहालाच तापते. जागच्या जागी चालवताना वारा लागत नाही, तेव्हा पंखा समोर हवाच.

ताप, खोकला, अंगदुखी यातलं काही वाटलं तर त्याच दिवशी सायकल बंद. ऑक्सिमीटर असेल तर खोलीतच 6 मिनिटं चाला. ऑक्सिजनचा आकडा 93 च्या खाली गेला किंवा चालण्याआधीपेक्षा 3 हून जास्त घसरला तर डॉक्टरांना फोन करा.

आणि हो, जुन्या सायकलीचं चेनकव्हर बहुधा निघालेलंच असतं. साडी नेसून चालवू नका, चेनमध्ये अडकेल.