जाळीच्या आतली जागा

प्रश्न : पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीत मी गेली सहा वर्षे मुलींना खो-खो शिकवते. सातवी-आठवीपर्यंत मुली हौसेने येतात. दहावी जवळ आली की घरचे लोक खेळ बंद करतात आणि पुढे पुष्कळदा शिक्षणही सुटते. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी समाजातील खेळाडू स्त्रियांनी खेळाच्या आधाराने आपल्या समाजातील मुलांसाठी मोठे काम उभे केले, असे एका व्याख्यानात ऐकले. ते काम काय आहे आणि माझ्यासारखीने त्यातून काय घ्यावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पाच-सात नावे दिली तर आपल्या हाती पदकांची मोजदाद तेवढी राहील, म्हणून एकाच स्त्रीविषयी लिहितो. टेनिसपटू इव्हॉन गुलागाँग-कॉली यांचा जन्म १९५१ मध्ये विराजुरी समाजात झाला. (तेथील मूळ रहिवासी म्हणजे एकच जमात नव्हे, त्यांच्यात अनेक समाज आणि अनेक भाषा आहेत.) न्यू साउथ वेल्समधील बॅरेलन या छोट्या गावात, आठ भावंडांत त्या वाढल्या. वडील मेंढ्यांची लोकर कातरण्याचे काम करीत. त्या काळी सरकारी धोरणाने मूळ रहिवाशांची मुले आईवडिलांपासून तोडून नेली जात. रस्त्यावर चकचकीत मोटार दिसली की आई मुलांना लपायला सांगत असे, ही आठवण इव्हॉन यांनी स्वतःच सांगितली आहे.

गावात टेनिसचे मैदान होते आणि ही मुलगी जाळीला डोळे लावून आतला खेळ पाहत उभी राहायची. बिल कर्ट्झमन नावाच्या गावकऱ्याने तिला पाहिले आणि आत येऊन खेळायला सांगितले. १९७१ मध्ये, एकोणीस वर्षांच्या असताना, त्यांनी मार्गारेट कोर्ट यांना हरवून विम्बल्डन जिंकले. १९८० मध्ये, घरी तीन वर्षांची मुलगी असताना, त्यांनी ते पुन्हा जिंकले. एका आईने ही स्पर्धा जिंकण्याचा योग १९१४ नंतर प्रथमच आला होता.

मला मात्र त्यांचे नंतरचे काम अधिक मोलाचे वाटते. त्यांच्या संस्थेतर्फे मूळ रहिवासी मुलांसाठी गावोगावी टेनिस खेळून पाहण्याचे दिवस भरतात आणि त्यांतील निवडक मुलांसाठी पुढे शिबिरे होतात. या कामात टेनिस हे निमित्त आहे. रॅकेटच्या ओढीने मूल आले की त्याची शाळा, आहार, व्यायाम आणि पुढच्या रोजगाराची वाट, या साऱ्यांकडे लक्ष पुरवायचे, अशी ही रीत आहे. सगळीच मुले विजेती होतील, असे त्यात कोणी गृहीत धरत नाही. २०२१ मध्ये न्गारिगो या दुसऱ्या मूळ रहिवासी समाजातील अ‍ॅश बार्टी विम्बल्डन जिंकल्या, तेव्हा इव्हॉन यांच्या १९७१ च्या पोशाखाची आठवण म्हणून तसाच झालरीचा पोशाख त्यांनी घातला होता.

सणस मैदानाच्या जाळीबाहेर धाकट्या भावाला कडेवर घेऊन सराव पाहणारी मुलगी मी पाहिली आहे. भाऊ खाली ठेवता येत नाही म्हणून ती आत येत नाही, हे उघड दिसत होते. अशा मुलीला आत बोलावताना भावासाठी कडेला सतरंजी अंथरायची आणि त्याच्यापाशी एखादी आजी बसवायची, इतकी तयारी असली तरच त्या बोलावण्याला अर्थ राहतो. आपल्या संघातही हे करून पाहावे.

दुसरे असे की, सरावाच्या हजेरीच्या वहीतच शाळेच्या हजेरीचा रकाना आखावा आणि दर शनिवारी तो मुलींनीच भरावा. सलग दोन-तीन दिवस खाडे दिसले तर मुलीला रागावण्याऐवजी तिच्या घरी जावे. दहावीतल्या मुलींचा सराव आठवड्यातून दोन दिवसांवर आणावा, पण नाव पटावरून काढू नये. उलट लहान मुलींना खो देणे आणि पाठलाग शिकवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे, म्हणजे संघात त्यांची गरज आहे हे घरालाही दिसेल. शिवाय संध्याकाळी परतताना सोबत कोण असेल, ते प्रत्येकीच्या आईला आधीच नावानिशी सांगून ठेवावे, कारण बऱ्याच घरांचा नकार खरे तर अंधारातल्या त्या दहा मिनिटांपायी असतो.