मुंग्यांचं पुस्तक आणि कॅम्पस प्लेसमेंट

प्रश्न : मुलगा नागपुरातच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोडिंगची प्रॅक्टिस सोडून मुंग्या, वास्तुकला असली पुस्तकं घरी आणतो. गणिताचा एक पेपरही राहिलाय. ही पुस्तकं बंद करायला लावू का?
– एक आई, मनीषनगर

उत्तर : ताई, पुस्तकं बंद करू नका. काळजी त्या पेपरची करा.

मुंग्यांचंच घ्या. खाण्याकडे जाता-येता मुंगी वाटेवर गंधद्रव्य सोडते. जवळच्या वाटेवर फेऱ्या पटापट होतात, गंध दाट होतो, मग बाकीच्याही तिकडेच वळतात. लांबच्या वाटेवरचा गंध उडून जातो. मुकादम कुणीच नाही, तरी जवळचा रस्ता सापडतो! मार्को डोरिगो या संशोधकाने १९९२ साली इटलीत आपल्या पीएचडीत यावरूनच अल्गोरिदम, म्हणजे कॉम्प्युटरने प्रश्न सोडवायची पायरी-पायरीची रीत, मांडला. शंभर ठिकाणी माल पोहोचवणाऱ्या गाडीने कोणत्या क्रमाने फिरावं, असल्या प्रश्नांना तो वापरतात.

वास्तुकलेचं तर थेट नोकरीच्या मुलाखतीशीच नातं आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाने सहकाऱ्यांसोबत १९७७ मध्ये घरं, गल्ल्या, चौक बांधताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरची उत्तरं नावं देऊन मांडली. दहा वर्षांनी केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरनी ती रीत सॉफ्टवेअरला लावून पाहिली. मुलाखतीत ‘डिझाइन पॅटर्न’ विचारतात ना, त्याचं मूळ इथलं. संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांना ‘ऑब्जेक्ट’ची, म्हणजे प्रोग्राम छोट्या स्वतंत्र तुकड्यांतून बांधायची, कल्पना सुचली तेव्हाही डोळ्यांपुढे जीवशास्त्रातल्या पेशी होत्या.

मात्र या कल्पना कॉम्प्युटरमध्ये आणणारी ही सगळी मंडळी प्रोग्रामिंगमध्ये तयार होती, हे मुलाला ठणकावून सांगा. (वाचन नुसतं मिरवणारी मुलंही माझ्याकडे येतात.) त्याला एक काम द्या. काटोल-नरखेडच्या बागांमधून संत्रा उचलून कळमन्याच्या बाजारात आणणाऱ्या गाडीचा मार्ग मुंग्यांच्या पद्धतीने काढून दाखव म्हणावं. कोड स्वतः लिहायचा, आणि आधी दोन-चार गाडीवाल्यांशी बोलून यायचं. त्यांचा वेळ रस्त्यात जातो की बाजाराच्या रांगेत? रांगेत जात असेल तर मार्ग काढून उपयोग नाही, प्रश्नच बदलावा लागेल. हे कोडिंगच्या सरावात कळत नाही.

डेटा स्ट्रक्चरचा (प्रोग्राममध्ये माहिती रचून ठेवायच्या पद्धतींचा) सराव रोज तासभर हवाच, त्यात सूट नाही. आणि गणित याच सत्रात सुटायला हवं. बॅकलॉग, म्हणजे राहिलेला पेपर, असला की बऱ्याच कंपन्या भरतीच्या पहिल्या परीक्षेलाही बसू देत नाहीत.