थेंबांनी भागणार नाही का?

प्रश्न : माझ्या सासूबाईंना अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय, डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल आणि तेही सुरुवातीला दर महिन्याला, असं डॉक्टर म्हणाले. त्या म्हणतात, "थेंब द्या, गोळ्या द्या, पण डोळ्यात सुई नको." काय करावं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : त्यांची भीती खरी आहे. टेबलावर झोपलेल्या माणसाची आवळलेली मूठ मी रोज बघते. "थेंब चालणार नाहीत का हो?" हा प्रश्नही रोजचाच.

थेंब टाकला की निम्म्याहून जास्त गालावर येतो, नाहीतर अश्रूंच्या नळीतून नाकात उतरतो. म्हणून तर औषधाची कडू चव घशाला लागते. आत शिरतं ते शंभरातले पाच भागसुद्धा नाही, आणि तेही डोळ्याच्या पुढच्या भागात. पडदा पार मागे. गोळीचं औषध रक्तातून पडद्यापर्यंत जातं खरं, पण तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात की फार थोडं पलीकडे झिरपतं. शिवाय सुजेवरच्या या औषधांचे रेणू मोठे असतात. थेंबातून दिले तर ते बुबुळ ओलांडणारच नाहीत.

म्हणून सुई. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, केसासारख्या बारीक सुईने फक्त 0.05 मिली औषध आतल्या जेलमध्ये सोडतात. आधी भुलीचे थेंब, मग आयोडीनने डोळा धुणं. या धुण्यात कुणी घाई केलेली मला अजिबात चालत नाही, कारण जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर नजर जाऊ शकते. दाब जाणवतो, दुखणं थोडंच. सुई दोन-तीन सेकंदांत बाहेर.

अशा इंजेक्शनांपैकी रॅनिबिझुमॅब हे औषध 2006 साली आलं. त्याआधी आमच्या हाती मुख्यतः लेझर होतं. त्याने नजर आणखी खालावायची थांबे, परत क्वचितच येई. आता पुष्कळांना पेपरची अक्षरं पुन्हा लागतात.

मात्र औषध महिनाभरात ओसरतं. माझे एक शिंपीकाका पहिल्या इंजेक्शननंतर सुईत दोरा ओवू लागले आणि यायचेच थांबले. आठ महिन्यांनी आले तेव्हा सूज दुपटीने वाढली होती, आणि नंतरच्या पाच इंजेक्शनांनीही तो दोरा परत ओवता आला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांना पहिल्याच दिवशी मी नीट बसवून सांगायला हवं होतं, म्हणून तुम्हाला एवढं लांबण लावून सांगतेय.

खर्चाचं आधीच बोलून घ्या. स्वस्त पर्यायही असतात. अलीकडे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. इंजेक्शननंतर पांढऱ्यावर लाल डाग दिसला, एक-दोन दिवस काळे ठिपके तरंगले तर घाबरू नका. पण दुखणं वाढत गेलं, डोळ्याची लाली वाढत गेली किंवा दिसणं कमी झालं, तर रात्र मध्ये जाऊ देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि सासूबाईंना एक सांगा. सुई समोरून येताना दिसत नाही. त्यांना दुसऱ्या बाजूला बघायला सांगतात.