कुल्ल्यात दुखतं, पण नेमकं कुठे?

या वेळच्या बऱ्याच पत्रांत 'कमरेच्या खाली, मागे दुखतं' एवढंच लिहिलेलं आहे. तेवढ्यावरून उत्तर देणं अवघड जातं. एका तळहाताखाली झाकेल एवढ्या जागेत शरीरातली सर्वांत जाड नस (पायाकडे जाणारी सायटिक नस), बसण्याचं हाड आणि एकमेकांवर रचलेले स्नायूंचे थर असतात, आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. म्हणून पत्र लिहिण्याआधी एका बोटाने जागा दाखवून पाहा आणि बोट कुठे टेकलं ते लिहा. निम्मं निदान तिथेच होतं.

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुल्ल्याचे चार भाग पाडून वरच्या बाहेरच्या भागात इंजेक्शन द्यायचं, असं शिकवलं जातं. प्रत्यक्षात तो भाग कसा ठरवायचा? सायटिक नसेला सुई लागण्याची फार भीती वाटते.

भीती रास्त आहे. चूक बहुतेक वेळा पहिल्याच रेघेत होते. कुल्ला म्हणजे डोळ्यांना दिसणारा गोलवा, असं धरून त्याचेच चार भाग केले जातात. खरं तर हा प्रदेश पुष्कळ मोठा आहे. आपण कमरेवर हात ठेवतो ती हाडाची कड ही त्याची वरची हद्द, कुल्ल्याखालची आडवी घडी ही खालची. आत तो मधल्या त्रिकास्थीपर्यंत (पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेलं त्रिकोणी हाड) आणि बाहेर खुब्यापर्यंत जातो. नुसत्या गोलव्याचे चार भाग केले, तर 'वरचा बाहेरचा' भाग खाली आणि आत सरकतो, म्हणजे नसेच्या दिशेने. कपडा नीट खाली न करता अंदाजाने सुई टोचली की हेच होतं. कमरेच्या हाडाची कड हाताला लागल्याशिवाय सुई उचलू नका.

नसेची वाट अशी. त्रिकास्थीच्या आतल्या बाजूने निघून खुब्याच्या उंचवट्याकडे जाणारा पिरिफॉर्मिस हा या भागातला किल्लीचा स्नायू आहे. त्याच्या वरून वरच्या ग्लुटिअल (म्हणजे कुल्ल्याच्या) रक्तवाहिन्या आणि त्यांच्यासोबतची नस बाहेर पडते, खालून सायटिक नस. सायटिक नस जवळपास 2 सेंटीमीटर रुंद असते. पुढे ती बसण्याचं हाड आणि खुब्याचा उंचवटा यांच्या साधारण मधून मांडीत उतरते. सुई तिला लागली तर पायात विजेसारखी कळ जाते. अशी कळ आल्याचं रुग्णाने सांगितलं तर औषध न सोडता सुई लगेच मागे घ्या. नसेतल्या बाहेरच्या बाजूच्या तंतूंना इजा लवकर होते, म्हणून अशा रुग्णाला बहुधा पाऊल वर उचलता येत नाही आणि चालताना ते घासटतं.

आमचं मत विचाराल तर मोठ्या माणसात खुब्याच्या बाजूची जागा निवडा. तिथे मोठी नस किंवा मोठी रक्तवाहिनी नाही, चरबीचा थरही मागच्या बाजूपेक्षा पातळ असतो. रुग्णाच्या डाव्या खुब्यासाठी आपला उजवा हात वापरायचा. तळव्याचा मनगटाकडचा भाग खुब्याच्या उंचवट्यावर, तर्जनीचं टोक कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर, आणि मधलं बोट हाडाच्या कडेने मागे पसरायचं. अंगठा जांघेकडे राहतो. दोन बोटांमधल्या त्रिकोणाच्या मध्यावर, त्वचेशी 90 अंशात सुई. उंचवटा सापडत नसेल तर रुग्णाचा गुडघा थोडा वाकवून पाय आतबाहेर फिरवा. हाताखाली हाड फिरल्यासारखं जाणवतं, तोच उंचवटा.

मागच्या बाजूने देताना आणखी एक अडचण येते. स्थूल व्यक्तीत 38 मिलिमीटरची सुईसुद्धा चरबीतच थांबू शकते. मग औषध हळू शोषलं जातं आणि जागेवर गाठ राहते. चालायला न लागलेल्या बाळाला कुल्ल्यावर इंजेक्शन देऊच नये. तिथला स्नायू अजून भरलेला नसतो, नस मात्र जवळ असते. त्याच्यासाठी मांडीची पुढची बाहेरची बाजू.

प्रश्न : तासभर बसलं की उजव्या कुल्ल्याच्या मधोमध खोल कळ येते आणि मांडीच्या मागे मुंग्या येतात. ही मणक्यातली गादी सरकल्याची लक्षणं आहेत का?

असू शकतील, पण नस कुल्ल्यात दाबली गेली तरी असंच होतं. वर सांगितलेला पिरिफॉर्मिस घट्ट झाला की त्याच्याखालून जाणारी सायटिक नस आवळली जाते. काही जणांत ही नस आधीच दुभंगलेली असते आणि तिचा एक फाटा थेट स्नायूतून जातो. ही रचना जन्मतःच असते आणि एरवी तिचा त्रास होईलच असं नाही.

घरी तीन गोष्टी पाहा. कमरेत दुखतं का? खोकताना, शिंकताना कळ पायात उतरते का? कळ गुडघ्याच्या खाली, थेट पावलाच्या एखाद्या कडेपर्यंत जाते का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर मणक्याकडे संशय जास्त. कंबर ठीक आहे, पण कुल्ल्याच्या मध्यावर दाबलं किंवा पायावर पाय टाकून बसलं की कळ वाढते, असं असेल तर कुल्ल्यातल्या कारणाचा विचार करावा. पक्कं निदान मात्र तपासूनच होतं.

मागच्या खिशात पाकीट किंवा मोबाईल ठेवून बसत असाल तर आजपासून बंद करा. एका बाजूला उंचवटा आला की श्रोणी (कमरेच्या हाडांचा सांगाडा) तिरकी होते आणि दाब नेमका नसेच्या वाटेवर पडतो. दर 30 मिनिटांनी उठा. ताण देण्यासाठी पाठीवर झोपा, दुखऱ्या बाजूचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि ती खालची मांडी दोन्ही हातांनी छातीकडे ओढा. 30 सेकंद धरा, तीन वेळा. कुल्ल्यात ओढ जाणवायला हवी. पायात मुंग्या वाढल्या तर ओढ कमी करा. नस ताणून बरी होत नाही.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवण्यासारखी नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, लघवी होईनाशी झाली किंवा तिच्यावर ताबा राहिला नाही, किंवा दोन्ही पाय कमजोर वाटू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. मणक्यातल्या नसांचा जुडगा दाबला जात असल्याची ती खूण असू शकते आणि तिथे काही तासांचाही फरक पडतो.

प्रश्न : आईच्या उजव्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. जखम भरली, वेदनाही नाही, पण चालताना ती दर पावलाला उजवीकडे झुकते. काठी उजव्या हातात द्यायची का?

काठी डाव्या हातात द्या. कारण समजलं की हे विसरायला होत नाही.

एका पायावर उभं राहिलं की श्रोणी दुसऱ्या बाजूला कलंडू पाहते. तिला धरून ठेवतात ते ग्लुटिअस मीडियस आणि ग्लुटिअस मिनिमस, खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे दोन स्नायू. त्यांना ही ओढ खुब्याच्या सांध्याच्या फार जवळून लावावी लागते, म्हणून जोर पुष्कळ लागतो. एका पायावर असताना त्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट भार येतो, तो मुख्यतः या ओढीमुळे. उजव्या बाजूचे हे स्नायू किंवा त्यांची नस कमजोर असेल तर उजव्या पायावर उभं राहताच डावी श्रोणी खाली जाते. ते टाळायला शरीर धड उजवीकडे टाकतं, म्हणजे वजनच सांध्याच्या वर येतं. आईचं झुकणं ते हेच. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी 1895 मध्ये ही खूण वर्णन केली आणि तिला आजही त्यांचंच नाव आहे.

डाव्या हातातली काठी कलंडणारी डावी बाजू लांबून उचलून धरते, त्यामुळे उजव्या स्नायूंचं काम बरंच कमी होतं. काठीची उंची अशी ठेवा की हात सरळ सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी येईल. मग काठी धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं.

व्यायामाला सर्जनने परवानगी दिली असेल तर डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय गुडघ्यात सरळ ठेवून वर उचलायचा. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे श्रोणी मागे टाकून पाय पुढे नेणं. तसं केलं की मांडीच्या पुढचे स्नायू काम करतात आणि ज्यांच्यासाठी व्यायाम आहे ते तसेच राहतात. टाच किंचित मागे ठेवा, पाय हातभर उचलला तरी पुरे. 10 वेळा, दोन फेऱ्या. काही महिने लागतात, घाई करू नका. सहा महिन्यांतही झुकणं तसंच राहिलं तर पुन्हा दाखवा.

प्रश्न : पायरीवरून घसरून बसकण घातली. दोन आठवडे झाले, खुर्चीतून उठताना माकडहाडात जीव जातो. रिंगची उशी आणली तरी आराम नाही.

मधे गोल भोक असलेल्या उशीने बरेचदा असंच होतं. तिच्या कडांवर भार येतो आणि माकडहाड मधे लोंबकळत राहतं. मागच्या बाजूला कापलेली, इंग्रजी यू आकाराची उशी घ्या, म्हणजे हाडाखाली काहीच येत नाही. बसताना किंचित पुढे झुका. तसं केल्यावर भार दोन्ही बसण्याच्या हाडांवर येतो, आणि तो तिथेच यायला हवा. मऊ सोफ्यात मागे रेलून बसू नका. उठताना आधी पुढे झुकून मग उठा. शौचाला कडक होऊ देऊ नका, कारण कुंथताना याच हाडाला ओढ बसते. बहुतेकांना काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत बरं वाटतं. तिथे ताप किंवा सूज असेल, पू येत असेल, तर ते गळू असू शकतं, वाट पाहू नका.

प्रश्न : कुल्ल्याखालची आडवी घडी म्हणजे स्नायूची खालची कड का?

नाही. ग्लुटिअस मॅक्सिमस या कुल्ल्याच्या सर्वांत मोठ्या स्नायूचे तंतू तिरके, वरून आत ते खाली बाहेर असे जातात. घडी आडवी असते आणि स्नायूच्या कडेला मधेच छेदून जाते. तिथे त्वचा खालच्या पडद्याला चिकटलेली असते, म्हणून ती घडी पडते. व्यायामाने स्नायू भरतो, पण घडी जागेवरच राहते. आणि बसल्यावर हा स्नायू बसण्याच्या हाडावरून वर सरकतो, त्यामुळे आपण स्नायूवर बसत नाही. बसतो ते हाडावर, मधे चरबी आणि एक पातळ पिशवी एवढंच असतं. कठीण बाकावर तासन्‌तास बसून ही पिशवी सुजते तेव्हा बोट नेमकं त्याच हाडावर जातं.